वाई ते धोम, कृष्णाकाठाने: येण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

दर हिवाळ्यात आम्ही वीसेक जण वाईपासून धोमपर्यंत कृष्णेच्या काठाने चालत जातो. त्याआधी फोनवर तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं देऊन माझा घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

नेमकं कुठून कुठे चालायचं?

वाईच्या गणपती घाटावर सकाळी सातला जमायचं. तिथून कृष्णेच्या वरच्या अंगाला, म्हणजे साधारण वायव्येकडे, मेणवली आणि मग धोम. वाई ते मेणवली तीनेक किलोमीटर, तिथून धोम सहाएक. मध्ये इकडेतिकडे वळणं होतात, ती धरून दहा-अकरा किलोमीटर. निम्मी वाट शेताच्या बांधांवरून आणि पाणंदीतून, काही डांबरी रस्त्याच्या कडेने. सलग नदी धरून जाणारी पायवाट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागे एकांनी धोमला पोचल्यावर तक्रार केली, की नदी मधूनमधून दिसेनाशी होत होती. होते. मध्ये उसाचे फड आहेत.

एवढंसंच अंतर? मग दिवसभर कशाला लागतो?

हा प्रश्न नेहमी ट्रेकवाल्या मंडळींकडून येतो. नुसतं चालायचं म्हटलं तर अडीच तासांत धोम येईल. आम्हाला चार वाजतात. वाईच्या घाटांवर एक तास, मेणवलीत दोन तास, आणि उरलेला वेळ कुठल्यातरी विहिरीत डोकावण्यात किंवा बांधावर बसून गप्पा मारण्यात जातो. गटात घड्याळावर पावलं मोजणारं कुणीतरी असतंच. त्यांनी खुशाल मोजावीत, पण पुढे पळू नये. या खोऱ्यात पाहण्यासारखं जे आहे ते रस्त्यापासून शंभर पावलांवर असतं आणि गाडीतून जाताना नेमकं तेच निसटतं. महाबळेश्वरला जाताना वाईवरून पन्नास वेळा गेलेली आणि मेणवलीचं नाव पहिल्यांदाच ऐकणारी माणसं मला दरवर्षी भेटतात.

मला जमेल का? आई सत्तरीच्या आहेत, त्यांना आणू?

चढ जवळपास नाही. रोज तासभर चालणाऱ्या माणसाला त्रास व्हायचं कारण नाही. खरी अडचण दोनच ठिकाणी येते. घाटांच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, आणि बांध काही ठिकाणी जेमतेम वीतभर रुंद आहेत. आईंना मेणवलीपर्यंत आणा, तिथून रिक्षाने धोमला पाठवू. तिथे देवळाच्या सावलीत त्या आमची वाट बघतील. तसं केलेल्या एक आजी आम्ही पोचायच्या आत गुरवांकडून अख्ख्या देवळाची माहिती काढून बसल्या होत्या, मग आम्हाला त्यांनीच ती सांगितली. आठ वर्षांखालच्या मुलांचा निर्णय आईबापांनी घ्यावा. मात्र नदीकाठी त्यांचा हात सोडू नये.

कोणत्या दिवसांत यावं?

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. त्यामागे पावसाचं गणित आहे. कृष्णा उगमते महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर, आणि तिथून पूर्वेकडे वळून सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाई तिथून हाकेच्या अंतरावर, पण डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे इथे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पाऊस होत नाही. घाटमाथ्यावरच्या ढगातून निघून पसरणीचा घाट उतरलं की खाली लख्ख ऊन, असं कैक वेळा होतं.

तरीही पावसाळ्यात आम्ही जात नाही. काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की दहा पावलांवर एकेक पाय दोन किलोचा होतो. शिवाय धरणातून पाणी सोडलेलं असतं. मार्चनंतर ऊन भाजतं. डिसेंबर-जानेवारीत ऊसतोड चालू असते आणि गव्हाच्या ओंब्या दिसू लागतात. थोडं उशिरा आलात तर हळदीची काढणी सापडेल. मोठ्या काहिलीत हळद शिजत असते आणि तो मातकट, उग्र वास दोन शेतं आधीपासून यायला लागतो. मला विचाराल तर तेवढ्यासाठी फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरावा. कृष्णाबाईचा उत्सवही याच सुमारास घाटांवर सुरू असतो. एकेका घाटाची पाळी ठरलेली असते. त्या दिवसांत आलात तर वाईतून पाय लवकर निघणार नाही, हे गृहीत धरा.

गट वीसचाच का? आम्ही ऑफिसचे पस्तीस जण आहोत.

एका वर्षी त्रेचाळीस जण घेतले होते. मेणवलीच्या पुढे पाणंदीला फाटा फुटतो, तिथे पुढच्या पंचवीस जणांना मागचे दिसेनात. ते गेले डावीकडे, आम्ही उजवीकडे. त्यांच्यापैकी निम्मे उसाच्या फडात शिरले आणि तोडकऱ्यांनी त्यांना हात धरून बाहेर काढलं. चूक माझीच, शेवटी कुणाला चालवायचं ते ठरवलंच नव्हतं. तेव्हापासून वीसच. पुढे एक माहीतगार, मागे एक, आणि मागचा माणूस येईपर्यंत प्रत्येक फाट्यावर थांबायचं. पस्तीस असाल तर दोन रविवार करा.

वाईत काय काय बघतो?

सगळं बघत नाही. वाईला सात घाट आहेत आणि देवळं तर मोजत बसू नयेत इतकी. आम्ही गणपती घाट नीट बघतो आणि बाकीचे जाता जाता.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. रास्ते म्हणजे पेशव्यांचे व्याही. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, माधवराव आणि नारायणरावांच्या आई गोपिकाबाई, या रास्त्यांच्या. त्यामुळे वाईचं वैभव कुणाच्या पैशाने उभं राहिलं हे वेगळं सांगायला नको. मूर्ती एकाच दगडातली आणि नावाप्रमाणे ऐसपैस. दर्शन घेऊन लोक तसेच मागे फिरतात. तुम्ही तसं करू नका. देवळाला वळसा घालून मागे या. मागची भिंत सरळ नाही, ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. पूर आला की पाणी या टोकावर आपटून दोन्ही बाजूंना फाकतं आणि भिंतीवर सरळ दाब येत नाही. बांधणाऱ्यांनी नदीला अडवायचा प्रयत्नच केला नाही, तिला बाजूने वाट करून दिली. त्या भिंतीला हात लावून उभे राहिलात की वरच्या गिलाव्याकडे बघायला कुणी सांगावं लागत नाही.

इतिहास म्हटलं की अफजलखानाचा विषय निघतोच. विजापूरच्या दरबाराने वाईची सुभेदारी त्याला दिलेली होती, म्हणून १६५९च्या स्वारीत त्याने तळ वाईलाच टाकला. इथूनच तो जावळीच्या जंगलात गेला, आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली पुढचं सगळं घडलं. कृष्णाबाईचा उत्सव त्या संकटाच्या वेळी बोललेल्या नवसातून सुरू झाला असं वाईकर सांगतात.

आणखी एक. वाई ही फक्त देवळांची नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची प्राज्ञपाठशाळा इथली आणि मराठी विश्वकोशाचं कामही त्यांनी इथूनच चालवलं. एवढ्याशा गावात बसून माणसं जगभरच्या विषयांवर मराठीत नोंदी लिहीत होती, हे मला त्या घाटांइतकंच मोठं वाटतं.

मेणवलीच्या घंटेवर खरंच मेरीचं चित्र आहे?

आहे. चित्र नाही, उठाव आहे.

मेणवलीचा घाट कमानदार आहे, नदीकडे चंद्रकोरीसारखा वळलेला. वर झाडांच्या सावलीत देवळं, त्यातलं एक मेणेश्वराचं. शेजारी दगडी बांधकामात ही घंटा टांगलेली आहे. पहिल्यांदा बघताना नेहमीच्या देवळातल्या घंटेपेक्षा ती फारच मोठी आहे, एवढंच लक्षात येतं. जरा खाली वाकून बघा, ऊन तिरपं असेल तर बरं. धातूवर एक बाई दिसते, तिच्या कडेवर मूल. मेरी आणि बाळ येशू. आणि १७०७ हे साल.

चिमाजी अप्पांनी मे १७३९मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चांमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांमध्ये लागल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. ही तिसरी.

आता एक हिशेब करा. वसई पडली तेव्हा पेशवाईचे कारभारी नाना फडणवीस, ज्यांचा वाडा इथे मेणवलीत आहे, जन्मलेच नव्हते, त्यांचा जन्म १७४२चा. मेणवली त्यांना मिळाली ती १७६८च्या सुमारास, औंधच्या प्रतिनिधींकडून. म्हणजे ही घंटा मधली तीस-एक वर्षं कुठेतरी दुसरीकडेच असणार आणि मग इथे आली. गटातल्या एका शाळकरी मुलीने एकदा विचारलं होतं, की एवढी जड वस्तू वसईहून सह्याद्री चढवून आणायची, तर वितळवून तोफ का नाही केली? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण घंटेसमोर उभं राहून विचारण्यासारखा यापेक्षा चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

घंटा वाजवू नका. वीस जणांनी वाजवली तर गावाला वाटतं काहीतरी झालंय.

नानांचा वाडा आतून बघता येतो?

बहुतेक वेळा येतो. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा तिथे जे असतील त्यांना विचारायचं, ते मागतील ती रक्कम द्यायची आणि सांगतील तिथेच जायचं. चित्रपटांचं चित्रीकरण इथे सारखं चालू असतं. त्या दिवशी दार बंद मिळालं तर हट्ट करून उपयोग नसतो. एका वर्षी आम्ही दोन तास दाराशी बसलो, आत कुणाचंतरी लग्न लागत होतं. खोटं लग्न, अक्षता मात्र खऱ्या.

आत गेल्यावर एकामागून एक चौक लागतात, सहा आहेत. लाकडी खांब, काळपट झालेल्या तुळया, भिंतींवर जुनी चित्रं. त्यांचे रंग उडालेत, पण रेघ अजून शाबूत आहे. मोबाइलचा फ्लॅश मारू नका आणि बोट लावू नका. मागच्या दाराने निघालं की सरळ घाटावर उतरता येतं. माझ्या मते वाड्याचा सगळा अर्थ त्या दारात आहे. पुण्याच्या दरबारात दिवसरात्र कारस्थानं निस्तरणाऱ्या माणसाने घर बांधताना नदीवर उघडणारं दार ठेवलं.

नाना मूळचे मेणवलीचे का?

नाही. बाळाजी जनार्दन भानू, घराणं कोकणातल्या वेळासचं, जन्म साताऱ्याचा. निधन १३ मार्च १८००, पुण्यात. मेणवलीचं नाव अभ्यासकांच्या तोंडी राहिलं ते इथे सापडलेल्या कागदपत्रांमुळे, ज्यांना मेणवली दप्तर म्हणतात. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवलं आणि पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्या रुमालांमधून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांमधून आलं.

लोकांच्या शेतातून जायचं म्हणजे परवानगी?

वाट ठरलेली आहे आणि जिथून जातो तिथल्या शेतकऱ्यांना आधी सांगितलेलं असतं. तरी जमीन त्यांची आहे. बांधावरूनच चालायचं, पिकात पाऊल नाही. पाणी चालू असेल तर दार धरणाऱ्याच्या, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याच्या मध्ये येऊ नका, त्याला वीज रात्री-बेरात्री मिळते आणि तेवढ्यातच भिजवण उरकायची असते. ऊस मोडून घेऊ नका. मागितला तर लोक स्वतः कापून हातात देतात, न विचारता मोडला तर पुढच्या वर्षी आम्हाला वाट मिळत नाही. वाळत घातलेल्या हळदीवरून चालत जाणारा एक सद्गृहस्थ आमच्यात होता. पिवळे बूट घेऊन घरी गेला, ते ठीक. पण ज्यांची हळद होती त्या मावशींची माफी मला मागावी लागली.

बिबट्या, साप वगैरे?

ऊस आहे तिथे दोन्ही असू शकतात. दिवसाउजेडी वीस माणसं बोलत चालली असतील तर ते आपणहून लांब राहतात. फडात एकट्याने आडोशाला जाऊ नका, एवढं पाळा.

मग शौचालयाचं काय?

बायका हे विचारतात आणि पुरुष संयोजक उत्तर टाळतात, म्हणून स्पष्ट लिहितो. वाईत निघताना सोय आहे. मेणवलीत आम्ही एका घरी आधी सांगून ठेवतो. नंतर थेट धोम. मधल्या दोन तासांत काही नाही. पाणी कमी पिऊन हे सोडवू नका. कुणाला गरज वाटली तर मला नाही, मागे चालणाऱ्या ताईंना सांगा. वाटेवरच्या दोन-तीन वस्त्यांमध्ये त्यांची ओळख आहे.

काय घालायचं, काय आणायचं?

जुने, पायात मुरलेले बूट. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालणारा दरवर्षी एक तरी निघतो आणि धोमला अनवाणी पोचतो. पूर्ण पॅन्ट घाला, कारण हिवाळ्यात वाळलेल्या गवताची कुसळं असतात. ती मोज्यात एकदा शिरली की एकेक उपटून काढावी लागतात आणि धुतल्यानंतरही दोन उरतातच. लोकरीचे मोजे नकोच. टोपी, दोन लिटर पाणी, आणि थंडीचं काहीतरी, ते नऊ वाजता काढून पिशवीत टाकाल.

स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा. कुत्रंही. तुमचं गुणी असेल, पण गावातल्या कुत्र्यांना ते माहीत नसतं.

जेवणाचं काय? पैसे किती?

आपापला डबा. मेणवलीत घाटावर वर्तुळ करून बसतो आणि डबे फिरतात, त्यामुळे पुरणपोळी आणणाऱ्याच्या वाट्याला ती कधी येत नाही. खरकटं आणि कागद परत पिशवीत. नदीत काही टाकायचं नाही, निर्माल्यसुद्धा नाही. फी नाही. वाड्याचा प्रवेश आणि परतीच्या गाडीचा खर्च त्या दिवशीच वाटून घेतो.

नदीत उतरता येईल?

पाय बुडवा, घाटाच्या पायरीवर बसून. पोहायचं नाही. वर धरण आहे, पाणी कधी किती सुटेल ते आपल्या हातात नाही, आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरायला पोहता न येण्याची गरज लागत नाही. वाई गावातलं पाणी तर पिण्याजोगं नाहीच. जलपर्णी पसरली की काठावर उभं राहायला जड जातं. कृष्णामाई म्हणायचं आणि सांडपाणी सोडायचं, हे आपल्याला जमतं.

शेवटी धोमला आहे तरी काय?

देऊळ आणि धरण.

गावाचं नाव धौम्य ऋषींवरून पडलं अशी कथा आहे. या भागात पांडव जागोजाग भेटतात. उजव्या हाताला दिवसभर जो डोंगर साथ देतो तो पांडवगड, वाईच्या पूर्वेला वैराटगड, म्हणजे विराटनगरीही आलीच. कथा म्हणून ऐकायला गोड. डोंगराकडे मात्र दुसऱ्या डोळ्यांनी पण बघा. आडव्या पट्ट्या दिसतात ना, पायऱ्यांसारख्या? ते लाव्हाचे थर आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक साचलेले. त्यांना कापत कृष्णेने हे खोरं केलं.

धोमच्या महादेवासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे आणि कुंडात भलंमोठं कासव. त्या कासवाच्या पाठीवर मंडप, मंडपात नंदी. कुंड कोरडं असलं तर हे सगळं कोरीव काम म्हणून छान दिसतं. पाणी भरलेलं असलं तर कासव पोहताना दिसतं, नंदीला पाठीवर घेऊन. आम्ही गेलो त्यातल्या बहुतेक वर्षी कोरडं होतं. एकदाच भरलेलं मिळालं, वाऱ्याने पाणी हललं आणि सगळा गट एकाच वेळी गप्प झाला. शेजारी उंच चौथऱ्यावर नरसिंहाचं देऊळ आहे, तेही बघा.

धरण मातीचं, १९७०च्या दशकातलं, साडेतेरा टीएमसीच्या आसपास क्षमतेचं. दिवसभर ज्या उसातून आणि हळदीतून तुम्ही चाललात, त्यातल्या बऱ्याच शेतांना याच्या कालव्यांचं पाणी आहे. आणि वरच्या अंगाला काहींची शेतं, घरं याच पाण्याखाली गेली, ती माणसं उठून दुसरीकडे वसली. गटात कुणी ‘केवढा सुंदर तलाव’ म्हणालं की मी हे सांगतो. सुंदर आहेच. संध्याकाळच्या उन्हात पलीकडचा कमळगड निळा दिसतो.

पांडवगड त्याच दिवशी जोडून होईल का?

होईल, पण मग तो वेगळा दिवस झाला. ज्यांना चढायचंच आहे त्यांनी आदल्या दिवशी यावं. दोन्ही एकत्र केलं तर वाईतला आणि मेणवलीतला वेळ कापला जातो, आणि त्याला मी तयार नाही.

यायचं कसं, परतायचं कसं?

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. महामार्गावर सुरूर फाट्याला वळायचं. महाबळेश्वरला जाणाऱ्या बहुतेक एसट्या वाईवरूनच जातात. सातला घाटावर पोचायचं तर मुक्कामी येणं बरं. गाडी आणलीत तर वाईतच लावा. धोमहून परतीला आम्ही जीप ठरवतो, साडेचारची. ती कधी पाचला येते, कधी सव्वापाचला. तोवर धरणाच्या रस्त्याला चहाची टपरी आहे. चहा गोड मिळतो, कमी साखरेचा हवा असेल तर उकळायच्या आधी सांगा.